खळ

वसमतच्या वाचनालयात मी तेहतीस वर्षं खळ शिजवली.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद,
म्हणजे कसर लागत नाही.
निवली की बोटाने पुठ्ठ्याला फासायची,
वर वीट ठेवायची.
पुस्तकं मी वाचली कमी, जोडली जास्त.

एक मात्र वाचली. कव्हर गेलेली कादंबरी,
लेखकाचं नावही कव्हरासोबत गेलेलं,
दाखल क्रमांक अकराशे सहा.
तिच्यात खेमाजी मापारी.
भावाचं सात वर्षांचं पोर
तो अवसेच्या रात्री आडात ढकलतो
आणि सकाळी मोंढ्यात जाऊन ज्वारी मापतो.
पहिलं माप, लाभ.
हात थरथरत नाही.

समासात अख्खं गाव बोलायचं.
देगलूरकर मास्तरांची निळी शाई: नराधम. खाली दोन रेघा.
त्याखाली बारीक शिसपेन्सिल:
सर, पान ८७ पाहा. आंधळ्या कुत्रीला भाकर कोण टाकतं?
त्यावर लाल बॉलपेन:
भाकर टाकली म्हून पोर वर येतंय का?
एका वकिलाने नुसती कलमं लिहिली.
एका मुलीने, अक्षरावरून मुलगीच,
लिहिलं: याला लहानपण दिलंच नाही लेखकाने.
आई नाही, गोवर नाही,
एकदा पडून गुडघासुद्धा फुटला नाही.
चांगलं व्हायचं तरी कुठून त्याने?
आणि हळदीच्या मोंढ्यातला हमाल, आबा खिल्लारे,
त्याला लिहायचा कंटाळा.
गाव खेमाजीला वेशीबाहेर काढतं त्या पानावर
त्याचा फक्त पिवळा अंगठा.
कुणाच्या बाजूने, मला कधी कळलं नाही.

आता या निवृत्तीच्या महिन्यात
मोजदाद करताना पान उलटलं
तर १४१ नंतर एकदम १४४.
फाटलेलं नव्हतं. जाड होतं.
माझीच खळ, कुठल्याशा घाईत सांडलेली.
चहाच्या वाफेवर धरलं.
सावकाश सुटलं, आतून अजून पांढरं,
समास कोरा. कुणाचं काही मत नाही.

तिथे खेमाजी परत येतो.
त्याच रात्री, खांद्यावर चऱ्हाट घेऊन.
मी मनात म्हणाले, बघा, सांगत नव्हते का!
(कुणाला सांगत होते? मी तर कधी काही लिहिलंच नाही.)
तो काठावर उकिडवा बसतो, फास तयार करतो.
खालून पोर हाक मारतं, काका.
मग पुन्हा. मग हळू.
खेमाजी गाठ सोडतो,
चऱ्हाटाचं वेटोळं करतो, नीट, पीळ न पडता,
आणि घरी जातो.

आणलेलं चऱ्हाट धरायचं की परत नेलेलं?
मास्तर वारले, नाहीतर पुस्तक घेऊन गेले असते त्यांच्याकडे,
म्हटलं असतं, रेघा दोनच ठेवायच्या का,
की तिसरी ओढायची, की एक पुसायची.
शब्दकोशात मी एकदा पाहिलं होतं:
खळ, पिठाची चिकट लापशी.
खळ, दुष्ट मनुष्य.
एकाखाली एक. तेव्हा हसू आलं होतं.

दोन पानं कमी वाचून
गावाने एका माणसाचा निकाल लावला
आणि ती दोन पानं माझ्या बोटाखाली होती.
वाचूनही तो सुटत नाही, हे मला मान्य आहे.
पण आधी तो दगड होता,
आता त्याला ऐकू येतं.
याने तो जास्त वाईट होतो की कमी,
चार रात्री झाल्या, ताजवा सारखा हलतोच आहे.

भिंतीवर पाटी आहे, पुस्तकात लिहू नये.
माझ्याच हाताने रंगवलेली.
मी त्या दोन पानांत पेन्सिल ठेवली, टोक काढून.

काल आबा खिल्लारे आला, थेट बाजारातून.
अकराशे सहा मागितलं.
तारीख घातली, दिलं.
हात धुऊन ये म्हणाले नाही.